लांब शेपटीचं वर्ष

गारोवेच्या बैठकीत भिंतीवर आलेख उमटतो.
तरुण सल्लागार लाल ठिपका वर सरकवत विचारतो,
देशाचं शिक्षण सुधारतं म्हणजे नेमकं काय होतं, इदिलबाई?
माझ्यासमोर पाण्याची बाटली आहे, सीलबंद.
मी तिच्याकडेच बघत राहते.

आमच्या वेळी देशाने शाळांना कुलपं लावली होती.
खोटं नाही सांगत. चांगली वर्षभर. शिकवता यावं म्हणून.
सोमाली भाषेला लिपी मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली,
शाई वाळायची होती अजून,
आणि आम्हा शाळकरी पोरांना ट्रकमध्ये कोंबून
रस्ता संपतो तिथे उतरवलं गेलं.
एक घोंगडी, पाण्याचा डबा, घडीचा फळा, खडूंची पेटी.
मी पंधरा वर्षांची. उंटाला भिणारी.

शिरवाला तीस पिढ्यांची नावं तोंडपाठ होती,
कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात खारट होतं तेही.
कागदावर ठेवलेलं माणूस विसरतं, तो म्हणाला,
आणि कागद शेळी खाते.
दुसऱ्याच दिवशी खाल्ला.
माझा हजेरीपट.

बा, ता, जा, हा...
बाभळीखाली पोरं घसा फोडून म्हणत,
त्यांच्या आया दूध घुसळता घुसळता,
आणि म्हातारा लांब बसून दोर वळत असे.
ओठ मात्र हलत.

एका संध्याकाळी आपणहून आला. उंट दाखव, म्हणाला.
मी लिहिलं : गेल. रोमन लिपीतली चार अक्षरं.
मधलं एकच अक्षर दोनदा कशाला?
आवाज लांबतो म्हणून, मी सांगितलं.
त्याने दोन्हींवरून बोट फिरवलं.
आवाज कसला, पोरी. मान आहे ही. लांब असणारच.

मग पाऊस आला नाही.
मग पुन्हा आला नाही.
लांब शेपटीचा दुष्काळ म्हणतात त्याला आमच्यात,
संपला म्हणावं तर मागे अजून उरलेलाच.
रेडिओवर साक्षरतेचे आकडे चढत होते.
आमच्याकडे गिधाडं उतरत होती.

खडूचा शेवटचा तुकडा ओढणीच्या गाठीत बांधला होता मी.
शिरवाने तो मागितला. का, ते विचारलं नाही.
सकाळी पाहते तर फळा काठोकाठ भरलेला,
ओळी वाकड्या, एकीवर एक चढलेल्या.
अकरा नावं. त्याच्या अकरा उंटिणींची.
तीन चुकलेली होती.
मी दुरुस्त केली नाहीत.

दोन दिवस वर्ग वाळूत भरवला, बोटांनी.
तिसऱ्या दिवशी तो आला, फळ्यापुढे उभा राहिला,
एकेक नाव मोठ्याने वाचलं,
पाठ असूनही प्रत्येकाखाली बोट ठेवून वाचलं,
आणि मनगटाने फळा पुसला.
पोरांचा आहे तो, म्हणाला. मी किती दिवस अडवू?

अहवालात मी लिहिलं : साक्षर, नऊ.
मेलेल्या जनावरांचा तक्ता वेगळा होता,
वेगळ्या खात्याचा.

शाळा उघडल्या. परीक्षा झाली.
मी भूगोलात नापास झाले.
त्यांनी जगातल्या नद्या विचारल्या होत्या.
मला विहिरी येत होत्या.

पुढे त्या शाळांची छपरं गेली, भिंती गेल्या,
कुठे काटेरी कुंपणाआड तंबूत मीच वर्ग घेतले,
मंत्रालयं आली, मोडली, पुन्हा रंगवली गेली.
बा, ता, जा मात्र कुणाला पुसता आलं नाही.

इदिलबाई? सल्लागार अजून थांबला आहे.
बिचारा चांगला पोरगा आहे,
आईने त्याला परदेशात वाढवलं, तिथेच शिकवलं,
ती कुठे शिकली असेल, कोण जाणे.
त्याचा लाल ठिपका माझ्या बाटलीवर येऊन थरथरतो.
काही सूचना?

खडू, मी म्हणते.
यादीत लिहिलेत त्याहून थोडे जास्त पाठवा.